शंभर प्रतींचं पुस्तक : ठाणे-नवी मुंबईतल्या डिजिटल छपाईची झाडाझडती

पाचशे प्रती छापायच्या, शंभर वाटायच्या आणि उरलेल्या पलंगाखाली ढकलायच्या, हा मराठी लेखकाचा जुना रिवाज. डिजिटल छपाईने तो मोडला. ठाण्यात वागळे इस्टेट आणि नौपाड्याच्या गल्ल्या, खाडीपलीकडे तुर्भे, पावणे, महापे इथे आता पन्नास किंवा शंभर प्रतींचं काम आनंदाने घेतात. काही ठिकाणी एक प्रतही छापून देतात. हे परीक्षण एखाद्या दुकानाचं नाही, त्या सेवेचं आहे. लेखकाने स्वतः पैसे घालून कमी प्रती काढायच्या ठरवल्या, तर हातात काय पडतं ते इथे पाहायचंय. आधी गुण देऊन टाकू : छपाईला दहापैकी आठ, बांधणीला पाच आणि छपाईच्या जोडीने गळ्यात मारल्या जाणाऱ्या ‘प्रकाशन पॅकेज’ला शून्य.

ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या पारंपरिक छपाईत, मोठा खर्च पहिली प्रत निघण्याआधीच होतो. प्लेटा करा, मशीन लावा, रंग जुळेपर्यंत कागद वाया घालवा. हा खर्च शंभर प्रतींवर पसरला तर प्रत महाग पडते, हजारांवर पसरला तर जाणवतही नाही. डिजिटलमध्ये प्लेट नाही, म्हणून पहिली आणि शंभरावी प्रत जवळपास एकाच भावात निघते. दोन्ही पद्धतींचे भाव साधारण तीनशे ते पाचशे प्रतींच्या दरम्यान एकमेकांना गाठतात. त्याच्या वर जायचं असेल तर ऑफसेटवाल्याकडून कोटेशन घ्याच. आणखी एक फरक पानांच्या संख्येचा. ऑफसेटचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातला जाणारा पानांचा संच, सोळा पानांचा असतो, त्यामुळे १६४ पानांच्या पुस्तकाला १७६ पानांचा हिशेब लागतो आणि मागे कोरी पानं तरी येतात किंवा ‘आमची इतर प्रकाशनं’ तरी. डिजिटलमध्ये ही कटकट नाही.

कोटेशन मागताना ‘दोनशे पानांचं पुस्तक, किती होतील?’ असं विचारलं की उत्तरही तसंच ढोबळ मिळतं. आतल्या पानाचा दर, मुखपृष्ठाचा दर लॅमिनेशनसकट, बांधणीचा दर आणि जीएसटी असे चार आकडे वेगळे लिहून मागा. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर आहे, आणि लेखकाला त्याची वजावट कुठेच मिळत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा कर १२ वरून १८ टक्के झाला. वह्यांच्या कागदाला माफी मिळाली, पुस्तकाच्या कागदाला नाही. त्याआधीचं कोटेशन दाखवून भाव करायला गेलात तर छापखानेवाला हसेल, आणि त्याचं हसणं बरोबर असेल.

आता आकार. मराठी कथा-कादंबरीचा नेहमीचा आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. पण स्टेशनजवळच्या झेरॉक्सवजा दुकानात गेलं की ‘ए-फाइव्ह करा, स्वस्त पडेल’ असा सल्ला मिळतो. कारण साधं आहे. त्यांच्याकडे ए-फोर कागद असतो, तो २१० मिलिमीटर रुंद. डेमीची उंची २१६ मिलिमीटर. सहा मिलिमीटरसाठी ए-फोरमधून डेमीची दोन पानं निघत नाहीत. ए-फाइव्ह आकारात वाईट काही नाही, वाईट आहे ती कागदाच्या धाग्याची दिशा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ए-फोर कागदाचा धागा लांबीच्या बाजूने जातो. तो मधोमध कापला की धागा पुस्तकाच्या कण्याला आडवा येतो. असं पुस्तक उघडलं की पानं ताठ उभी राहतात, हात काढला की फटकन मिटतं, आणि कण्याजवळ कागदाला बारीक लाटा येतात. १२ बाय १८ इंची कागदावर मात्र डेमीची चार पानं नीट बसतात, आणि त्या कागदाचा धागा लांबीच्या बाजूने असला की तो कण्याला समांतर राहतो. म्हणून पहिला प्रश्न ‘मशीन कुठलं?’ हा नसून ‘कागद कुठल्या आकाराचा आणि धागा कुठल्या दिशेचा?’ हा असायला हवा. उत्तर अडखळत आलं तर कागदाचा एक चौकोनी तुकडा मागून दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेला तो कमी कुरकुर करतो, तिथे पडणाऱ्या घडीला धागा समांतर असतो.

जाडीचं बोलायचं तर ७० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे साधा पुस्तकी कागद, चालतो, ८० जीएसएम बरा. फार पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा नॅचरल शेड डोळ्यांना सोसतो. नमुना पान उजेडासमोर धरा. पुढच्या आणि मागच्या ओळी एकमेकींवर बसलेल्या दिसल्या पाहिजेत. मागची ओळ पुढच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत डोकावत असेल, तर एक तर मशीनचं जुळणं बिघडलंय किंवा डीटीपीवाल्याने, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्याने, दोन पानांवर ओळींचं अंतर वेगळं धरलंय. हा दोष दर पानाला वाचणाऱ्याला त्रास देतो, पण तो नेमका काय आहे हे त्याला सांगता येत नाही.

बांधणीला पाचच गुण का? बहुतेक ठिकाणी पर्फेक्ट बाइंडिंग म्हणून जे मिळतं ते गरम गोंदाचं काम असतं. पानांचा गठ्ठा पकडायचा, कण्याची कड मशीनने खरवडायची, गोंद लावायचा, वर मुखपृष्ठ दाबायचं. सगळी मेख खरवडण्यात आहे. कड खोल आणि सारखी खरवडली तर कागदाचे धागे मोकळे होतात आणि गोंद त्यांना धरतो. घाईत वरवर खरवडलं तर गोंद नुसता वर बसतो, आणि दोन-चार महिन्यांत मधलं एखादं पान हातात येतं. पीयूआर नावाचा गोंद यापेक्षा बराच चिवट असतो. तो हवेतल्या ओलाव्यावर पक्का होतो, पुस्तक जास्त सपाट उघडतं, पण त्याला साधारण एक दिवस वाळू द्यावं लागतं आणि तो महाग पडतो. तो कमी ठिकाणी मिळतो. मिळाला तर वरचे पैसे द्या. तपासणी सोपी आहे : नमुना प्रत बरोबर मधोमध उघडा, पालथी करून टेबलावर दाबा, मग मधलं एक पान धरून ठामपणे ओढा. पान फाटून आलं तर गोंद पक्का. अख्खं सुटून आलं तर कच्चा. छापखान्यात बसून एक प्रत अशी बरबाद करायला संकोच वाटतो खरा, पण उरलेल्या नव्याण्णव वाचतात. रंगीत आर्ट पेपरची पानं मध्ये घालणार असाल तर जास्तच जपा. गुळगुळीत कागदाला गरम गोंद नीट धरत नाही, आणि आधी सुटतात ती नेमकी फोटोंचीच पानं.

कण्याची जाडी हे दुसरं दुखणं. दोनशे पानं म्हणजे शंभर कागद. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड धरला तर कणा १० मिलिमीटर, ७० जीएसएमला ९. चित्रकाराने आधीच १२ मिलिमीटर धरून मुखपृष्ठ केलेलं असतं, मग कण्यावरचं नाव सरकून दर्शनी बाजूवर येतं. क्रम उलटा ठेवा : आधी आतली पानं गोठवा, कागद ठरवा, छापखान्याकडून कण्याचा आकडा लेखी घ्या, मग मुखपृष्ठ. कणा सहा मिलिमीटरपेक्षा कमी निघाला तर त्यावर अक्षरं घालण्याचा हट्ट सोडा.

फ्लॅप, म्हणजे मुखपृष्ठाची आत वळणारी घडी, हवी असेल तर गणित करून घ्या. दोन्ही बाजू प्रत्येकी १४० मिलिमीटर, कणा १०, दोन्ही टोकांना प्रत्येकी ३ मिलिमीटर ब्लीड (कापून टाकायची जादा कड), आणि ८० मिलिमीटरचे दोन फ्लॅप; एकूण ४५६. बारा बाय अठरा इंची कागद ४५७ मिलिमीटर लांब असतो. मशीनने कागद पकडायचा कुठे? अशा वेळी १३ बाय १९ चा कागद लागतो, किंवा फ्लॅप अरुंद करावे लागतात. हे छापायच्या दिवशी कळलं की फ्लॅप कापून टाकतात आणि त्यावरचा लेखक-परिचयही जातो.

मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन ही आजची सरसकट फॅशन. मॅट दिसतं छान, पण काळ्या किंवा गडद निळ्या मुखपृष्ठावर बोटांचे ठसे आणि नखांचे ओरखडे लगेच उठतात. डिजिटल छपाईत टोनर (रंगाची भुकटी) कागदावर बसलेला असतो, आत मुरलेला नसतो. त्यामुळे गडद रंग कण्याच्या घडीवर आला की तिथे तडे जातात आणि फिल्म सुटायला लागते. घडीच्या जागी आधी क्रीझ (दाबून पाडलेली रेघ) मारलीय का हे विचारा, आणि डिजिटल छपाईसाठीची जास्त चिकट फिल्म वापरतात का तेही. शिवाय आपल्याकडचा पावसाळा आहेच. जुलैत छापलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं की मुखपृष्ठ होडीसारखं वर वळतं. बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिकची फिल्म, आतली बाजू उघडी. उघडी बाजू ओलावा पिऊन फुगते, फिल्म हलत नाही, आणि पुठ्ठा फिल्मच्या बाजूला वळतो. प्रती श्रिंक रॅपमध्ये वीस-वीसच्या गठ्ठ्यांत घ्या, आडव्या रचा, वर वजन ठेवा. घोडबंदर रोडच्या इमारतीत समुद्राचं वारं येत नसेल, पण खाडीचं येतं.

छापखान्याला आठ गुण देताना एक गोष्ट गृहीत धरली आहे : तुमची फाइल चांगली आहे. मराठी पुस्तकात खरा घोळ तिथेच होतो. अजून कित्येक डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात काम करतात. छपाईला त्याने बिघडत नाही. बिघडतं ते मजकूर इकडून तिकडे नेताना. रूपांतर करताना पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार एक घर पुढे सरकतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं उगवतात. युनिकोडमध्ये थेट टाइप केलेल्या मजकुराला वेगळं दुखणं असतं, ते म्हणजे अर्धा र. ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हटलं की स्वयंपाकी येतो, ‘आचार्याला’ म्हटलं की गुरुजी. ‘दऱ्या’ डोंगरात असतात, ‘दर्या’ कोळीवाड्यासमोर. टंक किंवा कळफलक चुकीचा असला तर सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही तो सुटतो, कारण शब्द दोन्ही खरे आहेत. प्रूफ हातात आलं की आधी हे शोधा : ऱ्या, ऱ्हा, मग द्ध, ट्ट, ङ्म यांसारखी जोडाक्षरं. श आणि ल ही अक्षरं मराठी वळणाची येतायत की हिंदी, तेही बघा. त्यासाठी टंकात सोय लागते आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडलेली लागते. फाइलमध्ये भाषा हिंदी असेल तर चांगला टंकही हिंदी वळण देतो. तिरो देवनागरी मराठी हा मोफत टंक पुस्तकाच्या मजकुराला शोभतो. आयआयटी मुंबईचा शोभिका संस्कृत अवतरणं असलेल्या पुस्तकाला उत्तम.

वर्डमधून थेट पीडीएफ काढून देणाऱ्यांसाठी दोन सूचना. वर्ड मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडत नाही, त्यामुळे दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये मोठ्या मोकळ्या जागा पडून पानावर पांढऱ्या नद्या वाहतात. अक्षर १२-१३ पॉइंट आणि ओळींचं अंतर १८ च्या आसपास ठेवलं, आतला समास २० मिलिमीटरपर्यंत दिला, तर पान श्वास घेतं. आणि काळा मजकूर फक्त काळ्या रंगातच जायला हवा. आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगांतल्या, फाइलमधला काळा चार रंगांत फुटतो, मग बारीक अक्षराच्या कडेला रंगीत सावली दिसते आणि रंगीत पानाचा दर लागतो तो वेगळाच. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याकडून मात्र पीडीएफवर समाधान मानू नका. मूळ खुली फाइल टंकांसकट घ्या, आणि ही अट पैसे देण्याआधी सांगा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी पहिला डीटीपीवाला फोन उचलत नाही, हा या धंद्याचा जवळपास नियमच आहे.

इथवर सगळं छपाईचं. ‘पॅकेज’ हा वेगळा प्राणी आहे. छपाईच्या भावात आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक), बारकोड, ‘जगभर उपलब्धता’, लेखकाचं वेबपान आणि फ्रेममधलं प्रमाणपत्र घालून आकडा तिप्पट केलेला असतो. यातला आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतःच्या नावाने नोंदणी करू शकतो. ओळखपत्र आणि पुस्तकाचे तपशील लागतात. आकडा मिळाला की त्याचा बारकोड करणं दोन मिनिटांचं काम. पैशांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे आयएसबीएन ज्याच्या नावावर, तो नोंदीत प्रकाशक. पॅकेजवाल्याचा आकडा घेतलात आणि उद्या दुसरीकडे छापायचं ठरवलंत, तर तो आकडा नेता येत नाही. नवा घ्या, बारकोड बदला, मलपृष्ठ पुन्हा करा. अर्ज मात्र छपाईच्या आदल्या आठवड्यात करू नका, मंजुरीला वेळ लागतो.

‘शंभर टक्के रॉयल्टी’ ही पॅकेजची दुसरी लाडकी ओळ. शंभर टक्के कशाचे, ते बघा. समजा पुस्तकाची किंमत ३००, ऑनलाइन दुकानाचं कमिशन ४५ टक्के म्हणजे १३५, आणि पॅकेजवाल्याने ‘छपाई खर्च’ म्हणून धरलेले १५०. उरले पंधरा रुपये. त्या पंधरांचे शंभर टक्के तुमचे. छपाई खर्चाचा आकडा तेच ठरवतात आणि बदलतातही तेच.

करारावर सही करण्याआधी एक कायदेशीर बारकावा माहीत हवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिलेत असं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. म्हणून ‘कायमचे’, ‘जगभर’, ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द ज्या ओळीत असतील ती ओळ तीनदा वाचा. ऑडिओचे हक्क छपाईच्या करारात फुकट वाहून जाऊ देऊ नका. मराठी ऑडिओ पुस्तकांना आता श्रोता आहे.

ई-बुकचं थोडक्यात. किंडलवर मराठी २०१६ च्या अखेरपासून चालते. युनिकोड मजकुराचीच फाइल लागते. जुन्या टंकातली फाइल इथे निरुपयोगी, म्हणून वरचा सगळा आग्रह. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर केडीपी या अ‍ॅमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेच्या ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. नाहीतर ३५ टक्के. फोटो जास्त असतील तर फाइल हलकी करा, कारण ७० टक्क्यांच्या पर्यायात मेगाबाइटमागे पोहोचवण्याचा खर्च कापतात. आणि केडीपीची छापील पुस्तकाची सेवा भारतातल्या दुकानासाठी नाही, त्यामुळे ‘अ‍ॅमेझॉनच छापून विकेल’ या भरवशावर राहू नका.

शंभर प्रती घरी आल्या. त्यातल्या चार आपल्या नाहीतच. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं अशा चार ठिकाणी प्रकाशनापासून तीस दिवसांत प्रत पाठवायची असते. तुम्ही स्वतः प्रकाशक असाल तर ही जबाबदारी तुमची. पॅकेजवाला ती बहुधा बोलतही नाही. पाचवी प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाला द्या. १८९३ पासून ते गावाची पुस्तकं सांभाळतंय.

दुकानात ठेवायचं तर विक्रेत्याला ३० ते ४० टक्के सूट लागते, वितरक मध्ये आला तर त्याहून जास्त. ३०० च्या पुस्तकावर ४० टक्के गेले की १८० हातात. प्रत १२० ला पडली असेल तर साठ उरतात, तेही विक्री झाल्यावर आणि हिशेब मागितल्यावर. पाच-दहा प्रती ठेवा, पावती घ्या, पावतीवर तारीख आणि सुटीचा टक्का लिहून घ्या. गडकरी रंगायतनच्या किंवा वाशीच्या साहित्य मंदिराच्या कार्यक्रमाबाहेर टेबल लावून एका संध्याकाळी जितक्या खपतात, तितक्या दुकानात कित्येक महिने लागतात.

टपालाची गोष्ट बरी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं तेव्हा छोटे प्रकाशक हवालदिल झाले होते. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, आणि पाकिटाचा माग काढता येतो. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो. मासिकं आणि जाहिरातीचा माल यात चालत नाही. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. ते छापायला लावणारा १८६७ चा कायदा मार्च २०२४ मध्ये गेला आणि नव्या कायद्यात पुस्तकं नाहीत, म्हणून काही जण श्रेयपान रिकामंच ठेवायला लागलेत. त्यांचं पुस्तक इथे अडू शकतं.

आणि ३०० ग्रॅमची ती रेघ कागद ठरवतानाच लक्षात ठेवा. डेमीची २०० पानं ७० जीएसएमवर मुखपृष्ठासकट साधारण २३० ग्रॅम भरतात, ८० जीएसएमवर २६०. वर पुठ्ठ्याचं पाकीट तीस ग्रॅमचं. म्हणजे दोन्ही बसतात, दुसरं जेमतेम. पण २४० पानं ८० जीएसएमवर घेतलीत तर पाकिटाआधीच ३१० होतात. नमुना प्रत आली की ती पाकिटात घालून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. दहा-वीस ग्रॅम जास्त भरलं तर पाकीट बदला. पाकिटानेही भागलं नाही, तर उरलेल्या नव्याण्णव छापायला जाण्याआधी कागद ७० जीएसएमवर आणता येतो. फक्त कण्याचा आकडा पुन्हा मागून घ्या.